नायक आपल्याच बाजूचा हवा असं नाही

शोकांतिकेचा नायक आपल्यातला, आपल्या बाजूचा असल्याशिवाय प्रेक्षकाला करुणा वाटणारच नाही, असं म्हटलं जातं; हा मुद्दा मला पटत नाही. शोकांतिकेचा नायक म्हणून फार सज्जन नाही, फार दुष्टही नाही असा मधला माणूस ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटलने सांगितला हे खरं. पण त्याच्या कितीतरी आधी, इ.स.पू. 472 मध्ये, अथेन्सचा नाटककार एस्किलस याने 'पर्शियन्स' हे नाटक रंगमंचावर आणलं. नायक कोण, तर पर्शियाचा राजा झर्क्सीस! आठच वर्षांपूर्वी ज्याच्या सैन्याने अथेन्स जाळलं होतं तो शत्रुराजा. झर्क्सीसच्या आरमाराला ग्रीकांनी हरवलं त्या सॅलॅमिसच्या लढाईत लढलेले कितीतरी जण प्रेक्षकांत असणार. खुद्द एस्किलसचा भाऊ त्याआधी पर्शियनांशीच झालेल्या मॅरेथॉनच्या लढाईत मारला गेला होता.

तरीही नाटक घडतं ते पर्शियाच्या राजधानीत, सुसाला. एकाही ग्रीक सेनानीचं नाव त्यात येत नाही. मेलेल्या पर्शियन सरदारांची नावं मात्र एकामागून एक येत राहतात. वाट पाहून झुरणारी राजमाता आणि शेवटी फाटक्या वस्त्रांत परतलेला झर्क्सीस, हे आजही वाचताना मला हलवून टाकतं. दोष त्याचाच आहे. बापाचं, दारियसचं, भूत येऊन ते स्पष्ट सांगतं: सैन्य ग्रीसमध्ये नेण्यासाठी समुद्राला पुलाने जखडून याने देवांची मर्यादा ओलांडली. आणि नाट्यस्पर्धेत एस्किलसच्या ज्या चार नाटकांत हे होतं, त्यांना अथेन्सकरांनी त्या वर्षी पहिलं बक्षीस दिलं.