मदत हवी आहे: आजोबांच्या वहीतले कोर्टाचे आकडे वाचायचे कसे?

चिंचपाणी

नमस्कार मंडळी. आधीच सांगते, मी कायद्यातली नाही, बँकेत आहे, त्यामुळे प्रश्न बाळबोध वाटला तर चालवून घ्या. आमचे आजोबा तालुक्याच्या कोर्टात वकील होते, बहुतेक दिवाणी कामं, वाटणी, दत्तक, गहाण असलं. घर रिकामं करताना त्यांची एक लाल कापडी बांधणीची वही सापडली, कव्हरवर चिठ्ठी चिकटवलीय, त्यावर त्यांचं नाव आणि खाली नुसता २. आत पान न् पान रुलिंगांनी, म्हणजे जुन्या निकालांच्या दाखल्यांनी भरलंय, विषय मराठीत, पक्षकाराचं नाव अर्धमुर्धं आणि पुढे आकडे. कागद कडेने तुटायला लागलाय म्हणून मी सगळं टाइप करून ठेवतेय, पण आकड्यांपाशी गाडी अडते. थोडे नमुने देते, अगदी जसेच्या तसे:

कायदेशीर गरज, अज्ञानाची मिळकत – हनुमानप्रसाद – ६ मू.इं.अ. ३९३
दत्तक, रूढी वि. शास्त्र – मदुरा कलेक्टर – १२ मू.इं.अ. ३९७
अज्ञानाचा करार – मोहरी बीबी – ३० इं.अ. ११४, ३० कल. ५३९
गोपालन – ५० एससीआर ८८, एआयआर ५० सु.को. २७
नानावटी – एआयआर ६१ सु.को. ११२, एआयआर ६२ सु.को. ६०५
गहाण सोडवणे, मुदत – १ । ४७

माझा अंदाज असा होता की पहिला आकडा केस नंबर, कारण मोहरी बीबीला दोन्हीकडे ३० आहे. पण मग गोपालनला एकदा ८८ आणि एकदा २७ कसं काय? आणि नानावटी एकच ना, मग दोन वर्षं? आजोबांनी चूक केली असेल तर खाली टीप टाकेन, पण त्यांची चूक काढण्याआधी विचारलेलं बरं 😅

फिरता_वकील

ताई, आजोबांची एकही चूक नाहीये, उलट हात लावू नका, आहे तसंच टाइप करा.

हे केस नंबर नाहीतच. हे पुस्तकाचे पत्ते आहेत. निकाल कोर्टात लागतो, पण वकिलाला तो पुस्तकात सापडायला हवा, म्हणून खंड, पुस्तकाचं नाव, पान, एवढंच लिहायचं. ६ मू.इं.अ. ३९३ म्हणजे मूर साहेबाच्या 'इंडियन अपील्स'चा सहावा खंड, पान ३९३. संपलं.

आता मूर कोण. तेव्हा आपलं सगळ्यात वरचं कोर्ट दिल्लीत नव्हतं, लंडनला होतं, प्रिव्ही कौन्सिल. इथल्या हायकोर्टाच्या, त्याआधी सदर अदालतींच्या निकालावर तिकडे अपील जायचं. तिथले हिंदुस्थानातल्या अपिलांचे निकाल मूर नावाचा बॅरिस्टर टिपून छापायचा, १८३६ ते १८७२ असे चौदा खंड आहेत. सरकारी गॅझेट वगैरे काही नाही, माणसाच्या नावाने पुस्तक आणि त्याच नावाने दाखला. पुढे तीच परंपरा 'लॉ रिपोर्ट्स, इंडियन अपील्स' या मालिकेने चालवली, आजोबांचं 'इं.अ.' ते. १० ऑक्टोबर १९४९ ला प्रिव्ही कौन्सिलचा आपल्यावरचा अधिकार संपला, मग ती मालिकाही आटोपली.

हनुमानप्रसाद १८५६ चा आहे. अज्ञान, म्हणजे अल्पवयीन मुलाची मिळकत सांभाळणाऱ्याने कर्ज काढून ती गहाण टाकली तर ते कधी टिकतं, याचं आजही पाठ असलेलं रुलिंग. तालुक्याला दिवाणी करणारा वकील हे वहीत लिहिणारच. मदुरा कलेक्टर १८६८, त्याचं सार असं की रूढीचा स्पष्ट पुरावा असेल तर तो शास्त्रग्रंथातल्या वचनाला भारी पडतो.

चिंचपाणी

अरे वा, म्हणजे पत्ता! मग मोहरी बीबीचे दोन पत्ते म्हणजे दोन घरं? आणि दोन्हीकडे ३० च का?

फिरता_वकील

योगायोग, दुसरं काही नाही. निकाल प्रिव्ही कौन्सिलचाच, १९०३ चा. लंडनच्या मालिकेत तिसाव्या खंडात पान ११४ वर आला. पण अपील कलकत्त्याहून गेलेलं, म्हणून इकडे 'इंडियन लॉ रिपोर्ट्स'च्या कलकत्ता मालिकेतही छापला, तिचाही नेमका तिसावा खंड, पान ५३९. निकाल एक, छापखाने दोन.

'इंडियन लॉ रिपोर्ट्स' ही सरकारी मालिका. १८७५ ला त्यासाठी वेगळा कायदा झाला आणि १८७६ पासून कलकत्ता, मद्रास, मुंबई, अलाहाबाद अशा चार मालिका सुरू झाल्या. त्या कायद्याचं कलम ३ गमतीचं आहे: हायकोर्टाचा निकाल सरकारी अधिकाराने छापलेल्या रिपोर्टात नसेल तर तो दाखवला तरी ऐकायला कोर्ट बांधील नाही. म्हणजे खाजगी रिपोर्टांना खरं तर दारातच थांबवायचं होतं. व्यवहारात काय झालं बघा, १८९९ ला मुंबईत रतनलाल-धीरजलालांचा 'बॉम्बे लॉ रिपोर्टर' निघाला, नागपूरहून 'ऑल इंडिया रिपोर्टर' (तुमच्या वहीतलं एआयआर) आला ज्याचे खंड १९१४ पासूनचे मिळतात, आणि वकिलाच्या टेबलावर हीच पुस्तकं दिसायला लागली. लवकर हातात पडायची, दुसरं कारण नाही.

कंसातला_माणूस

वरचं सगळं बरोबर. एक भर घालतो कारण टाइप करताना ताईंना हे लागणारच. वर्षाभोवती चौकोनी कंस की गोल कंस याला अर्थ असतो, निदान इंग्रजी परंपरेत. खंडांना एकापुढे एक नंबर असतील, म्हणजे १, २, ३ करत ३० पर्यंत, तर वर्ष नुसतं माहितीसाठी, ते गोल कंसात. आणि वर्षाशिवाय पुस्तक सापडणारच नसेल तर चौकोनी. १९३७ ला आपलं फेडरल कोर्ट सुरू झालं, त्याचे रिपोर्ट असेच चौकोनी कंसात वर्ष घालून लिहितात, [१९३९] एफसीआर १८ असं.

आपल्याकडे मात्र हा नियम कोणी धड पाळला नाही. केशवानंद भारती बघा, (१९७३) ४ एससीसी २२५, गोल कंस, पण वर्ष काढून टाकलं तर चौथा खंड कुठल्या सालचा हे देवालाच माहीत, कारण एससीसीचे ('सुप्रीम कोर्ट केसेस' हे खाजगी पुस्तक) नंबर दर वर्षी १ पासून सुरू होतात.

तुमच्या वहीत कंसच नाहीत ते उत्तम, भानगडच नाही. तुम्हीही घालू नका.

फिरता_वकील

बरोबर. आता सुप्रीम कोर्ट, जानेवारी १९५० पासून. त्याचं स्वतःचं अधिकृत पुस्तक म्हणजे एससीआर. पहिल्या वर्षी वर्ष आणि पान एवढं लिहून भागायचं, म्हणून गोपालन १९५० एससीआर ८८. पुढे एका वर्षाला अनेक खंड निघायला लागले म्हणून मध्ये खंड घुसला, गोलकनाथ (१९६७) २ एससीआर ७६२. कधीकधी खास पुरवणी खंड, त्याला सप्लिमेंट, केशवानंद १९७३ सप्लि. एससीआर १, तेरा न्यायमूर्ती, सात विरुद्ध सहा, निकाल एवढा मोठा की पुरवणी लागणारच.

एआयआरमध्ये वर्ष, कोर्ट, पान, म्हणून गोपालन तिथे १९५० सु.को. २७. अधिकृत एससीआर छापून यायला उशीर व्हायचा, तोवर एआयआर आणि १९६९ नंतर लखनौचं एससीसी वकिलांच्या हातात असायचं. म्हणूनच एका निकालाला तीन-तीन पत्ते.

चिंचपाणी

गोपालन सुटला 🙏 नानावटी?

जुनी_पानं

हा मी घेते, माझा आवडता. ताई, नानावटीचे ते दोन वेगळे निकाल आहेत. सुप्रीम कोर्टातल्या अपिलाचा निकाल लागेपर्यंत राज्यपालांनी शिक्षा स्थगित केली होती, त्यांना तसं करता येतं का यावर ५ सप्टेंबर १९६० ला निकाल लागला, तो छापला गेला एआयआर १९६१ सु.को. ११२ वर. मग खुनाच्या मूळ अपिलाचा निकाल २४ नोव्हेंबर १९६१ ला, तो एआयआर १९६२ सु.को. ६०५. म्हणजे सायटेशनमधलं, या पत्त्यातलं, वर्ष पुस्तकाचं असतं, निकालाचं असेलच असं नाही. इतिहास लिहिणारे भलेभले इथे घसरतात, "१९६२ साली सुप्रीम कोर्टाने नानावटीला" असं बिनधास्त लिहून मोकळे होतात.

अजून एक मजा, पहिल्यात समोर 'स्टेट ऑफ बॉम्बे' आहे आणि दुसऱ्यात 'स्टेट ऑफ महाराष्ट्र'. पहिलं प्रकरण दाखल झालं तेव्हा १ मे १९६० उजाडायचा होता ना! नावावरून शोधणारा त्यामुळेही फसतो.

अवांतर: माणसाच्या नावाने रिपोर्ट ही फक्त आपल्या मूरची गोष्ट नाही. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाचे पहिले नव्वद खंड डॅलस, क्रँच, व्हीटन, पीटर्स, हॉवर्ड, ब्लॅक, वॉलेस अशा रिपोर्टरांच्या नावाने ओळखले जायचे, म्हणून मार्बरी वि. मॅडिसन हे १ क्रँच १३७, आणि नंतर सलग नंबर लावले तेव्हा तेच ५ यू.एस. १३७ झालं. डॅलसच्या पहिल्या खंडात तर त्या सुप्रीम कोर्टाचा एकही निकाल नाही, सगळे पेनसिल्व्हेनियाच्या कोर्टांचे, तरी तो १ यू.एस. म्हणून मिरवतो. पीटर्सने व्हीटनचे जुने खंड आटोपशीर करून स्वस्तात काढले तेव्हा व्हीटन कोर्टात गेला, आणि १८३४ ला कोर्टाने सांगितलं की कोर्टाच्या निकालांवर कुठल्याच रिपोर्टरचा मालकी हक्क नाही.

फिरता_वकील

आपल्याकडेही तोच वाद झाला की, ईस्टर्न बुक कंपनी वि. मोडक, २००७ चा निकाल आणि पत्ता मात्र (२००८) १ एससीसी १, घ्या, जुनी_पानं म्हणतात तसंच. मूळ निकाल सगळ्यांचा, पण संपादकाने स्वतःचं डोकं लावून पाडलेले परिच्छेद वगैरे त्याचे.

यावरून आठवलं, हेडनोटपासून सावध. हेडनोट म्हणजे निकालाच्या वर छापलेला सारांश, तो संपादक लिहितो, न्यायाधीश नाही. मी ज्युनिअर असताना एका निकालाची हेडनोट पाठ करून उभा राहिलो, समोरच्यांनी पूर्ण जजमेंट काढलं तर माझं वाक्य हरलेल्या बाजूच्या वकिलाच्या युक्तिवादातलं होतं. साहेब काही बोलले नाहीत, नुसता चष्मा काढून पुसला. तेव्हापासून पूर्ण वाचल्याशिवाय दाखला देत नाही.

चिंचपाणी

😂😂 बरं, मी टाइप करताना मूळ निकालांच्या लिंका पण द्यायच्या म्हणतेय. काल रात्री हनुमानप्रसाद पांडे शोधलं, नुसते हनुमान चालिसाचे व्हिडिओ आले.

जुनी_पानं

कारण मूर साहेबाने ते 'हुनूमनपरसॉद पांडे' असं काहीतरी छापलंय आणि समोरच्या बाईंचं नाव 'मुसम्मात बबूई मुनराज कुनवेरी'. आपली नावं इंग्रज कानाने ऐकून लिहिलेली, प्रत्येक पुस्तकात स्पेलिंग वेगळं. नावाने शोधूच नका, आकड्याने शोधा, सहा, एमआयए (मू.इं.अ.चंच इंग्रजी रूप), ३९३. आजोबांनी पत्ता लिहिला आणि नावाचं एकच टोक लिहिलं ते यासाठीच.

इंडियन कानून या साइटवर बऱ्याच निकालांच्या वर 'इक्विव्हलंट सायटेशन्स' अशी ओळ असते, तिथे गोपालनचे दोन्ही पत्ते शेजारी शेजारी दिसतील. सुप्रीम कोर्टाचे अधिकृत रिपोर्ट जानेवारी २०२३ पासून ई-एससीआरवर फुकट आहेत. प्रिव्ही कौन्सिलचे जुने निकाल ब्रिटनच्या बेली साइटवर. एआयआरचे जुने खंड हवेतच तर जिल्हा कोर्टाच्या बार लायब्ररीत विचारा, एखादा जुना वकील आजोबांचं नाव ऐकून चहा पण पाजेल.

नवखा_एलएलबी

मध्येच बोलतो सॉरी, आम्हाला आता कॉलेजात न्यूट्रल सायटेशन शिकवतात, २०२३ आयएनएससी आणि पुढे निकालाचा नंबर. कुठल्याच पुस्तकाचं नाव नाही, पान नाही, कोर्टच नंबर देतं. मुंबई हायकोर्टाचं पण आहे, त्यात बीएचसी आणि मग अपिलेट साइडचं एएस, नागपूरचं एनएजी असं येतं. आतला संदर्भ परिच्छेदाच्या नंबराने.

कंसातला_माणूस

म्हणजे ताईंना जो केस नंबर वाटला होता तसलं काहीतरी शेवटी आलंच. फक्त दीडशे वर्षं उशिरा.

चिंचपाणी

हाहा. मग माझी शेवटची नोंद राहिली, गहाण सोडवणे, मुदत – १ । ४७. पुस्तकाचं नावच नाही. आणि अशा एक-दोन नाहीत, मोजल्या तर तेवीस निघाल्या, सगळ्यांत पहिला आकडा १ आणि मग उभी रेघ.

फिरता_वकील

एक बॉम असेल, म्हणजे 'इंडियन लॉ रिपोर्ट्स'च्या मुंबई मालिकेचा १८७६ चा पहिला खंड? पण तेवीसच्या तेवीस एकाच खंडातून आणि नाव एकदाही नाही, हे पटत नाही. बाकी ठिकाणी इतके काटेकोर आहेत.

कंसातला_माणूस

उभी रेघ कुठल्याच रिपोर्टची पद्धत नाही. आणि या नोंदींना पक्षकाराचं नाव आहे का?

चिंचपाणी

नाही. नुसता विषय.

जुनी_पानं

ताई, कव्हरवरच्या चिठ्ठीवर नावाखाली काय लिहिलंय म्हणालात?

चिंचपाणी

२.

थांबा. थांबा थांबा.

म्हणजे ही वही क्रमांक २, आणि १ । ४७ म्हणजे पहिल्या वहीचं पान ४७??

फिरता_वकील

खंड आणि पान. स्वतःच्या वह्यांचाही रिपोर्ट केला होता की त्यांनी.

चिंचपाणी

आईला फोन केला. ती म्हणते माळ्यावर तांब्याच्या घंगाळात अजून रद्दी आहे, परवा भंगारवाल्याला बोलावलंय. मी उद्याच रजा टाकून निघतेय.