ब्रेक कॅलिपरचा जाम झालेला ब्लीडर निपल आणि डिस्कचा गुळगुळीत झालेला स्क्रू

वर्सोवाकर (प्रश्न)

नमस्कार. माझी बारा वर्षे जुनी हॅचबॅक वर्सोव्याला समुद्राच्या अगदी जवळ, उघड्यावर उभी असते. पुढच्या डाव्या चाकाचे आतले ब्रेक पॅड बाहेरच्यापेक्षा बरेच जास्त झिजलेले दिसले म्हणून कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) उतरवला, तेव्हा एक गाइड पिन (जिच्यावर कॅलिपर सरकतो) गंजून अडकलेली आढळली. पॅड ढकलणारा पिस्टन बाहेर काढून पाहिला. त्यावर ना ओरखडा, ना गंजाचा खड्डा. त्यामुळे गॅरेजमध्ये सुचवल्याप्रमाणे अख्खा कॅलिपर बदलण्याऐवजी सील-किट आणून तो घरीच दुरुस्त करण्याचे मी ठरवले आहे.

अडचण दोन ठिकाणी आहे. डिस्कला (ब्रेकच्या तबकडीला) हबवर, म्हणजे चाक जिथे बसते त्या भागावर, धरून ठेवणाऱ्या दोन स्क्रूंपैकी एक सुटला, पण दुसऱ्याच्या डोक्यावरची फुलीची खाच गुळगुळीत झाली. शिवाय ब्लीडर निपल (ब्रेक ऑइलमधली हवा काढायचा स्क्रू) जागचा हलत नाही आणि रिंग पान्याने त्याचे कोपरे मरू लागले आहेत. उजव्या चाकाला अजून हात लावलेला नाही. आणखी जोर लावावा की थांबावे?

लालबागचा फिटर

कृपया थांबावे. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, त्यामुळे आट्यांमधली फट भरून पाचर मारल्यासारखी पकड बसते. ही पकड धक्क्याने आणि उष्णतेने मोडते. नुसते पिळत राहिलात तर आधी निपलच तुटेल, कारण तो आतून पोकळ असतो.

डिस्कच्या स्क्रूची चिंता करू नका. डिस्क प्रत्यक्षात चाकाच्या नट-बोल्टांनीच हबवर दाबून धरली जाते आणि हा स्क्रू केवळ जोडणी करताना ती जागेवर राहावी म्हणून असतो. प्रथम त्याच्या डोक्यावर सपाट पंच ठेवून हातोडीचे चार-पाच ठोके द्या, मग हातोडीने ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर वापरा. ठोका बसताच तो बिटला फुलीत दाबतो आणि त्याच क्षणी थोडा फिरवतो. जपानी कंपन्यांच्या गाड्यांत ही फुली अनेकदा जपानी मापाची असते व साधा फिलिप्स बिट तिच्यात पूर्ण बसत नाही, हेही तपासून पाहा. एवढे करूनही सुटला नाही तर डोके ड्रिलने उडवा. डिस्क निघाल्यावर उरलेला दांडा लॉकिंग पक्कडीने सहज फिरतो.

निपलसाठी बारा कोनी रिंग पाना आता बाजूला ठेवा आणि सहा कोनी सॉकेट घ्या. निपलच्या भोकात घट्ट बसेल असा ड्रिल बिटचा गुळगुळीत दांडा आत सरकवा, म्हणजे पिळताना निपल चेपणार नाही. आदल्या रात्री गंज सोडवणारे तेल लावा आणि दुसऱ्या दिवशी निपलच्या डोक्यावर हलके ठोके द्या. नंतर गॅस टॉर्चने निपलभोवतीचे ओतीव लोखंड तापवा. तापलेल्या सांध्याला मेणबत्ती टेकवली की पातळ झालेले मेण आट्यांत ओढले जाते. थोडे निवू द्या आणि मगच फिरवा, तेही एकदम उघडण्यासाठी नव्हे. किंचित घट्ट, किंचित सैल, असे मागेपुढे.

उजवा कॅलिपर मात्र गाडीवर बसलेला असतानाच त्याचा निपल आणि बँजो बोल्ट (ब्रेक ऑइलची नळी कॅलिपरला जोडणारा पोकळ बोल्ट) थोडे सैल करून घ्या. गाडीवर तो जितका पक्का धरलेला असतो, तितका टेबलावर कधीच राहत नाही.

ठाण्याहून

वरील सल्ला योग्य आहे, पण टॉर्च पेटवण्यापूर्वी एक गोष्ट अत्यंत गांभीर्याने घ्यावी. काही ब्रेक क्लीनरमध्ये क्लोरीनयुक्त द्रावण असते आणि ते तापले की फॉस्जीनसारखा प्राणघातक वायू तयार होऊ शकतो. तसा क्लीनर वापरलेल्या भागावर ज्योत मुळीच नेऊ नये. सील, डस्ट बूट (धूळ अडवणारे रबरी आवरण) आणि उरलेले ब्रेक ऑइल आधी पूर्ण काढावे आणि हे काम इमारतीच्या बंद पार्किंगमध्ये न करता मोकळ्या हवेत करावे.

गंज सोडवणारे तेल, ग्रीस, पेट्रोल यांचा अंशही नव्या सीलच्या जागी राहता कामा नये. ब्रेकचे रबर ग्लायकोलच्या ऑइलसाठी बनवलेले असते. खनिज तेलाने ते फुगते आणि पिस्टन अडकतो. सील बसवताना केवळ नवे ब्रेक ऑइल लावावे आणि गाइड पिनला ब्रेकसाठी असलेले सिलिकॉन ग्रीस वापरावे.

वर्सोवाकर

दोघांचेही मनापासून आभार. शनिवारी नागदेवी स्ट्रीटवरून सहा कोनी सॉकेट आणि इम्पॅक्ट ड्रायव्हर आणला. स्क्रू तिसऱ्याच ठोक्याला सुटला. निपलला मात्र तीन वेळा तापवावे लागले. तिसऱ्या वेळी मेण आत गेले आणि तो किंचित करकरत फिरला. उजव्या बाजूचा निपल गाडीवरच सैल करायला गेलो, तर तो वरच्या वर तुटला. त्याचा तुकडा मीच ड्रिल करून काढू का?

लालबागचा फिटर

तुकड्याला मधोमध भोक असल्यामुळे ड्रिल सरळ जाण्यास मदत होते, पण खरा धोका तळाशी आहे. निपलचे टोक तेथील शंकूच्या आकाराच्या बैठकीवर टेकूनच ऑइल अडवते. बिट तिथपर्यंत पोहोचला आणि बैठक खरवडली गेली, तर तो कॅलिपर कायमचा गळत राहील. हातात धरायच्या ड्रिलने हे करू नका, असे मी आग्रहाने सांगेन. कॅलिपर खराद कारखान्यात न्या. तेथे तुकड्यावर नट वेल्ड करून किंवा यंत्रावर पक्का धरून तो काढता येतो. बैठक बिघडलेली आढळली तर त्या बाजूचा कॅलिपर नवाच घ्या, तिथे काटकसर नको.

जोडताना बँजो बोल्टचे तांब्याचे वायसर नवे घाला. निपल बेताने आवळा, कारण अतिघट्ट निपलच पुढच्या वेळी तुटतो. आणि त्यावर रबरी टोपी बसवाच. वर्सोव्याच्या खाऱ्या हवेत टोपी नसलेल्या निपलच्या भोकात पावसाचे पाणी साचते आणि गंज आतूनच धरतो.