माहेरची सही आणि इतर कागद : तुमचे अनुभव लिहा

कोयनाकाठ

अप्पा, आमचे वडील, गेले आणि परवा भावाचा फोन आला. “ताई, एक दिवस येऊन थंब देऊन जा, अप्पांच्या सातबाऱ्याचं उरकून टाकू.” थंब म्हटल्याबरोबर मला शाई आठवली.

१९९८. मी बारावीला. आजोबांना जाऊन वर्ष झालं होतं आणि आत्या हक्कसोड, म्हणजे वारशातला आपला हिस्सा सोडल्याचा दस्त, करून द्यायला आली होती. अप्पांनी मला तिच्याबरोबर बसवलं, बाईमाणूस सोबत असावं म्हणून. रजिस्टर कचेरीबाहेर लिंबाखाली टायपिंगवाले, स्टॅम्पवाले, चहाची गाडी. दस्त लिहिणाऱ्याने पानं उलटत “इथं, इथं आणि इथं” करत बोट ठेवलं, आत्या सह्या करत गेली. वाचलं काही नाही. वाचता येत होतं तिला, सातवी झाली होती. आत गेल्यावर डाव्या अंगठ्याला शाई लावून ठसा घेतला. पुसायला फडकं नव्हतं, तिने अंगठा केसांना पुसला. मग उसाचा रस. संध्याकाळी साडी, हिरवी, काठाची. अजून नेसते ती.

जमीन चार एकर बावीस गुंठे, विहिरीसकट. हे मी परवा पहिल्यांदा बघितलं.

तुमच्याकडे असतील असे किस्से. जमीन, फ्लॅट, दुकान, भाडं, मृत्युपत्र, काहीही. मी हक्कसोडीवर सही करावी का, हे विचारत नाहीये. म्हणजे विचारतेय थोडंसं.

दुपारचा चहा

वाचलं. कुकर लावलाय, रात्री लिहिते. साडीचं वाचून कसंतरी झालं गं.

अकरावा गुंठा

आमचं ऐका. २०१८ ला पुण्याच्या पूर्वेला एक गुंठा घेतला. एजंट म्हणाला, तुकडेबंदी आहे, एका गुंठ्याचा दस्त होत नाही, अकरा जण मिळून अकरा गुंठ्यांचा एकच दस्त करू. झाला. सातबाऱ्यावर अकरा नावं सामाईक. त्यातले नऊ जण मी फक्त दस्ताच्या दिवशी पाहिले, एकाने पेढे आणले होते. कुणाचा गुंठा कुठला हे एजंटने नकाशाच्या झेरॉक्सवर मार्करने रेघा मारून दाखवलं. त्या रेघा त्याच्याच कागदावर, सरकारी मोजणीत कुठेच नाहीत. माझा कोपरा आता शेजाऱ्याच्या पत्र्याच्या शेडखाली आहे असं माझं मत, त्याचं तसं मत नाही. बँक कर्जाला उभं करत नाही. आता विकायचं ठरवलं तर सगळ्यांना गोळा करा. त्यात एक जण वारला, त्याचे चार वारस लागले. झाली चौदा नावं.

चिंचेचं बुटुक

अकरा म्हणजे क्रिकेट टीमच की. बारावा गडी तलाठी.

अकरावा गुंठा

तलाठी म्हणू नका आता, ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं.

चिंचेचं बुटुक

पाटी बदलली हो. भाऊसाहेब दुपारनंतर भेटतील हे कोतवालाचं वाक्य आहे तेच आहे.

मांडवीपार

आमच्या गोव्यात हे एकट्याच्या सहीचं प्रकरण चालत नाही. पोर्तुगीज काळापासूनचा दिवाणी कायदा. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवराबायकोचं सगळं अर्धं अर्धं, वारशाने आलेलंही. म्हणजे आजोबांचं घर विकायचं तर तिन्ही काकांच्या सह्या आणि तिन्ही काकींच्याही. आमचा दस्त साडेतीन वर्षं अडला, कारण मधली काकी मुलाकडे पोर्तुगालला आणि थोरल्या काकावर रागावलेली. तिचं म्हणणं एवढंच, त्याने आधी फोन करावा. काकाने फोन केला नाही, कोर्टात इन्व्हेंटरीची, म्हणजे वारसांतल्या वाटणीची, केस टाकली. केसच्या तारखा चालू असताना म्हापशाला एका लग्नात दोघं समोरासमोर आली, सोलकढीच्या पेल्यावर मिटलं.

कोयनाकाठ, तुमच्या आत्याला इथे साडीवर बोळवता आलं नसतं. तिच्या मिस्टरांचीही सही लागली असती.

कोयनाकाठ

मिस्टर आले असते तर दोन साड्या लागल्या असत्या.

छापखाना

विषय जमिनीचा आहे पण माझा चेकचा. लग्नपत्रिकांचं काम, पार्टी ओळखीची, एक लाख चाळीस हजारांचा चेक. बँकेत टाकला, परत आला. फोन केला तर म्हणे शेठ, पुढच्या सोमवारी. असे पाच सोमवार गेले. मग वकिलाकडे गेलो. त्याने बँकेच्या मेमोची तारीख बघितली आणि चष्मा काढून ठेवला. कलम १३८ ची, म्हणजे चेक न वटल्याची, नोटीस मेमो कळल्यापासून ३० दिवसांत जावी लागते. माझे सदतीस झालेले. मी तिथेच डोक्याला हात लावला.

मग तो म्हणाला, चेकला तीन महिने झाले नाहीत ना अजून? परत टाका. परत टाकला, परत उडाला (उडाला तेव्हा आनंद झालेला मी पहिलाच असेन). चौथ्या दिवशी नोटीस. नोटीस मिळाल्यापासून पार्टीला १५ दिवस असतात. चौदाव्या दिवशी मुलगा रोख घेऊन आला, वर म्हणाला, काका, नोटिशीची काय गरज होती, घरचीच माणसं आपण.

एडिसनची वैनी

शेवटचं वाक्य आमच्या सगळ्या नातेवाइकांचं आहे 😀

किराणा व भुसार

दुकानवाले आहात म्हणून विचारतो, गुमास्ता, म्हणजे दुकानाची नोंदणी, काढायला हल्ली किती पैसे लागतात? एजंट तीन हजार सांगतोय.

छापखाना

कामगार वीसपेक्षा कमी असतील तर नोंदणी लागत नाही. २०१७ च्या कायद्यात दहा होतं, २०२५ ला वीस केलं. ऑनलाइन सूचना द्यायची फक्त. एजंटला चहा पाजा आणि वाटेला लावा.

एडिसनची वैनी

मीही लिहिते, इथे अमेरिकेत पहाट आहे, सगळे झोपलेत. आईचा फ्लॅट विकायचा होता, ती गेल्यावर. मी कुलमुखत्यारपत्र, म्हणजे माझ्या वतीने सही करायचा अधिकार, दिराच्या नावाने केलं. इथे नोटरी, मग राज्याच्या कार्यालयातून अपोस्टिल (कागद परदेशात चालावा म्हणून सरकारी शिक्का), मग कुरियर, तेव्हाच शंभर एक डॉलर गेले. भावजींनी ते जपून ठेवलं. कपाटात. लॉकरच्या आतल्या कप्प्यात. पाच महिने. परदेशात केलेला कागद भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरून घ्यावं लागतं, हे ना मला माहीत ना त्यांना. सगळं पुन्हा.

आणि नाव! आईच्या सोसायटीत माझं माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं, आणि लग्नात तांदळात लिहून बदललेलं तिसरंच बँकेत. तिघी एकच बाई आहेत असं प्रतिज्ञापत्र केलं. टायपिंगवाल्याने त्यातही एक स्पेलिंग चुकवलं. चौथी जन्माला आली.

चिंचेचं बुटुक

चौथीच्या नावावर एक गुंठा घेऊन टाका.

काळा कोट

कोर्टातून लिहितोय, पुकारा झाला की उठणार. कोयनाकाठ ताई, तुमच्या भावाने दोन गोष्टी एकात कालवल्यात. वारस नोंद वेगळी, हक्कसोड वेगळं. वारस नोंदीला मृत्यूचा दाखला, अर्ज, वारसांचं प्रतिज्ञापत्र लागतं. नोटीस निघते, हरकतीला १५ दिवस, मग मंडळ अधिकारी फेरफार, म्हणजे सातबाऱ्यातला बदल, मंजूर करतात. सगळ्या वारसांची नावं लागतात, कुणी काही सोडायचं नसतं. हक्कसोड त्यानंतरची गोष्ट, करायचंच असेल तर. ते नोंदणीकृत असतं, वडिलोपार्जित मिळकतीला मुद्रांक पूर्वी २०० होता, आता ५००. म्हणजे सोडणं अगदी स्वस्त आहे. परत मिळवणं नाही.

वडिलोपार्जित मिळकतीत मुलींच्या हक्काचं म्हणाल तर आपल्याकडे हिंदू वारसा कायद्यात १९९४ ची दुरुस्ती होती, पण त्याआधी लग्न झालेल्या त्यात नव्हत्या. मग देशभरासाठी ९ सप्टेंबर २००५. त्या तारखेला वडील हयात असावेत की नसावेत यावर वर्षानुवर्षं भांडणं चालली, २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, हक्क जन्मापासूनचा, वडील हयात असण्याची अट नाही. तुमच्या आत्याही तेव्हा आजोबांच्या वारस होत्याच, दस्त म्हणून तर करून घेतला. आणि सातबाऱ्यावर नाव असणं म्हणजेच मालकी, असं नव्हे, तो महसुलाचा

काळा कोट

पुकारा झाला. तारीखच मिळाली.

दुपारचा चहा

आले. भांडी झाली. आमच्याकडे सासऱ्यांनी सोसायटीत धाकट्या दिरांना नॉमिनी केलं होतं, कारण त्या दिवशी घरी तेच होते. एवढंच कारण. सासरे गेल्यावर दीर म्हणाले फ्लॅट माझा. सेक्रेटरी काकांनी दाराशीच समजावलं, नॉमिनी म्हणजे किल्ली सांभाळणारा, घर वारसांचं. दीर दोन वर्षं काकांशी बोलत नव्हते. आता गणपतीची वर्गणी एकत्र मागतात.

कोयनाकाठ, तुझं काय झालं पुढे?

कोयनाकाठ

पंधरा रुपये भरून डिजिटल सहीचा सातबारा काढला. अप्पांचंच नाव आहे अजून. आणि इतर हक्कांच्या रकान्यात गावच्या कर्ज देणाऱ्या सोसायटीचा बोजा. तेव्हा कळलं घाई कशाची. अप्पांच्या नावावरचं पीककर्ज, नवं-जुनं करायची, म्हणजे फेडून पुन्हा उचलायची, मुदत जवळ आलीये आणि सोसायटीचा सचिव म्हणतो एकाच्या नावावर आणा, सोपं पडेल. भाऊ लबाड नाही हो, बेजार आहे. तेवढं तरी आधी सांगायचं.

त्याला म्हटलं, आधी वारस नोंद करू. आई, तू, मी. कर्जाला माझी संमती लागली तर येऊन देईन, वाचून. तो “बरं” म्हणाला. ते कसलं बरं होतं ते दिवाळीला कळेल.

काल आत्याला फोन केला. दस्ताची झेरॉक्स आणून वाचून दाखवू का विचारलं. म्हणाली, “आता काय वाचतीस? शाई मात्र चार दिवस जाईना बघ.” मग म्हणाली, ये रविवारी, घेऊनच ये.

किराणा व भुसार

मध्येच विचारतो, माफ करा. ते वीस कामगार मोजताना बायको धरायची का?

छापखाना

घरी विचारून बघा.