वजन उतरवायला पाणी : किती, कधी आणि कुणी जपून?

तापीकाठ :
राम राम मंडळी. गावच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय : सकाळी उठल्या उठल्या दीड लिटर कोमट पाणी लिंबू-मध घालून एका दमात प्यायचं, महिन्यात पाच किलो कमी. घरात दोघांना करायचंय. एकाचं वय 56, वजन 88, दिवसभर किराणा दुकानात बैठक, बीपीची गोळी चालू (नावामागे 'एच' आहे). दुसरा 27 वर्षांचा, वजन 92, केळीच्या बागेत काम. जेवण नेहमीचंच, कळण्याची भाकरी, भाजी, आठवड्यातून दोनदा शेवभाजी. पाण्याने खरंच वजन उतरतं का? किती आणि कोणत्या वेळेला प्यायचं?

गिरणाथडी :
भाऊ, चरबी पाण्याने विरघळत नाही, कोमट असो की माठातलं. अर्धा लिटर पाणी 22 अंशांवरून 37 अंशांवर आणायला शरीराचे साडेसात किलोकॅलरी (बोलताना आपण नुसतं कॅलरी म्हणतो त्याच) जातात. एक किलो चरबीत असतात सुमारे 7,700. कोमट पाण्यात तर साडेसातही नाहीत, उलट मोठा चमचाभर मध साठेक कॅलरी वाढवतो.

पाणी उपयोगी पडतं ते जेवणाआधी. बर्मिंगहॅमच्या संशोधकांनी 2015 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात 84 लठ्ठ माणसं होती. एका गटाने 12 आठवडे मुख्य जेवणाआधी अर्धा तास 500 मिली पाणी प्यायचं होतं, दुसऱ्याने पोट भरलंय अशी नुसती कल्पना करायची होती. पाणी पिणाऱ्यांचं वजन सरासरी 1.3 किलोने जास्त उतरलं. त्याआधी 2010 साली अमेरिकेत 55 ते 75 वयाच्या लोकांवर असाच प्रयोग झाला. तिथे दोन्ही गटांचा आहार कमी केलेला होता, आणि पाणी पिणाऱ्यांना सुमारे दोन किलोचा जादा फायदा दिसला. म्हणजे फरक पडतो, पण तीन महिन्यांत एक-दोन किलोचा. पाच किलोचं आश्वासन सोडून द्या.

करायचं कसं? घरातलं फुलपात्र किती मिलीचं आहे ते अर्ध्या लिटरच्या बाटलीने एकदा मोजून घ्या. साधारण तीन फुलपात्रांत 500 मिली होतं. जेवणाआधी अर्धा तास, पाच-दहा मिनिटांत घोट घोट करत प्या. तासभर आधी प्यायलं तर बसेपर्यंत पोट रिकामं होतं, कारण नुसतं पाणी जठरात फार वेळ थांबत नाही. पाटावर बसताना ढोसलं तर पोटाला तडस लागते, जेवण अर्धवट राहतं आणि चार वाजता फरसाणाची पुडी सुटते.

बहुतेकांचं चुकतं ते पुढे. पाणी पितात, पण ताटात भाकऱ्या तेवढ्याच. ताट वाढतानाच एक भाकरी कमी घ्या. 60 ग्रॅम पिठाच्या भाकरीत साधारण 200 कॅलरी असतात, खरी बचत तीच. शेवभाजीवरची तर्री वाटी कलती करून काढता येते. मोठा चमचाभर तेल म्हणजे 120 कॅलरी, आणि शेव तळलेली असते ती वेगळीच.

तरुण माणसाचं जठर पाणी लवकर पुढे ढकलतं, त्यामुळे हा उपाय 56 वर्षांच्या माणसाला जास्त लागू पडेल, 27 च्या पोराला कमी.

सातपुडा_पायथा :
दुकानात बसणाऱ्याचा चहा मोजा. कपात दोन चमचे साखर म्हणजे 10 ग्रॅम, 40 कॅलरी, दूध वेगळं. गिऱ्हाईक आलं की चहा, असे सहा कप झाले तर साखरेचेच 240. त्यातले चार कप काढून पाणी ठेवलं तर रोजच्या 160 वाचतात, भाकरी न सोडता. थंड पेयाची 300 मिलीची बाटली 30 ग्रॅमच्या वर साखरेची असते. रसवंतीचा रसही हलका समजू नका, त्यात 13 ते 15 टक्के साखर असते.

बागेतल्या पोराचा हिशोब निराळा. आपल्याकडे मे महिन्यात पारा 44-45 ला टेकतो, तिथे त्याने वजनासाठी नाही, उन्हासाठी प्यायचं. दर 15-20 मिनिटांनी 200-250 मिली, तहान लागायची वाट न बघता. घामातून मीठही जातं, म्हणून न्याहारीसोबत आणि दुपारी लोणी काढलेलं पातळ ताक मीठ घालून द्या. नुसतं पाणीच ओतत राहिलं तर रक्तातलं सोडियम उतरतं, डोकं दुखतं, मळमळतं, आणि उन्हाचा त्रास समजून माणूस आणखी पाणी पितो.

संध्याकाळी काट्यावर एक-दीड किलो कमी दिसलं तर तो घाम आहे, रात्रीतून परत येतो. वजन सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, पाणी प्यायच्या आधी करा. अर्धा लिटर पाणी काट्यावर अर्धा किलोच भरतं. आदल्या रात्री बिबड्या, पापड, ठेचा झाला असेल तर मिठाने पाणी धरून ठेवलेलं असतं. आठवड्याची सरासरी धरा.

वाघूर :
तापीकाठ भाऊ, तुम्ही लिहिलेला तो 'एच' महत्त्वाचा आहे. बीपीच्या गोळीच्या नावामागे एच, सीटी किंवा सीएच असेल तर बहुधा त्यात लघवी वाढवणारं औषध असतं (हायड्रोक्लोरोथायाझाइड किंवा क्लोर्थॅलिडोन). ते सोडियम कमी करतं. त्यावर एका दमात दीड लिटर पाणी नकोच. निरोगी मूत्रपिंडही तासाला फार तर 800 मिली ते एक लिटर पाणी बाहेर टाकतं. जेवणाआधीचं 500 मिली सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारा, सोडियम आणि क्रिएटिनिन (किडनीचं काम कसं चाललंय ते कळण्यासाठी) एकदा तपासून घ्या. सामान्य सोडियम 135 ते 145. बोलण्यात गोंधळ, फिट (आकडी) किंवा अतिशय सुस्ती आली तर थेट दवाखाना.

हृदय कमजोर आहे, पायावर सूज आहे किंवा किडनीचा आजार आहे, त्यांनी डॉक्टरांनी ठरवलेल्या मापातच प्यावं. साखरेसाठी ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन चालू असेल तर एकदम भाकरी कमी करू नका, साखर खाली येते. आणि कितीही प्यायलं तरी तहान भागत नसेल, रात्री सारखं उठावं लागत असेल, तर आधी साखर तपासा.

तापीकाठ :
धन्यवाद ताई. दीड लिटरचं बंद. पण रात्री नऊला जेवण असतं, साडेआठला अर्धा लिटर प्यायलं की झोपमोड होते. त्याला काय?

वाघूर :
रात्रीचं जेवण सात-साडेसातला आणता येत असेल तर आणा. नसेल जमत तर डॉक्टरांनी हो म्हटल्यावर 500 मिली फक्त सकाळच्या आणि दुपारच्या जेवणाआधी ठेवा. रात्री एक फुलपात्र पुरे, आणि ताटात आधी काकडी-मुळा किंवा मेथीची भाजी घ्या. 'एच'ची गोळी सकाळी आहे की रात्री तेही बघा. रात्री असेल तर वेळ बदलण्याबद्दल डॉक्टरांशी बोला, मनाने बदलू नका.