मदत हवी आहे: बंद ब्लोअरमधून वाफ उलटी शेडमध्ये येते
अक्कलकोट रोड एमआयडीसी, सोलापूर. टॉवेल डाइंगचं युनिट आहे. वाफ बाहेर टाकणारे दोन सेंट्रिफ्यूगल ब्लोअर (मोठे पंखे) एकाच व्हेंट चिमणीला जोडलेत. एक बंद असला की दुसऱ्याच्या दाबाने ॲसिडची वाफ त्यातून उलटी शेडमध्ये येते, पंखाही उलटा फिरतो. तशात मोटर सुरू केली की ओव्हरलोड ट्रिप, म्हणजे जादा भाराने मोटर बंद! कामगारांचे डोळे चुरचुरतात, म्हणून घाई आहे.

डिस्चार्जला (हवा बाहेर पडते त्या बाजूला) वजनाचा नॉन-रिटर्न डँपर (हवा उलटी येऊ न देणारी झडप) लावून पाहिला. ओली लिंट (कापडाचे बारीक तंतू) चिकटून पाती अर्धवट उघडी राहते. हाताने फिरवायचा डँपर रात्रपाळीत बंद करायचा राहून जातो. वेगळ्या चिमणीला जागा नाही. डक्ट पीपीचं (पॉलिप्रोपिलीन प्लास्टिकचं), वाफ साधारण ६० अंश.

स्प्रिंग-रिटर्न ॲक्च्युएटरचा डँपर (विजेने उघडणारा, वीज गेली की स्प्रिंगने बंद होणारा) मोटरच्या स्टार्टरशी इंटरलॉक केला, म्हणजे मोटरबरोबरच उघड-बंद होईल असा जोडला, तर लाईट गेल्यावरही घट्ट बसेल का? आणि तो सक्शनला (हवा आत ओढली जाते त्या बाजूला) लावावा की डिस्चार्जला?