वाडीत खारं पाणी शिरलं, आंब्याची मुळं खाराला सरावतात का? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

आमची वाडी अलिबाग तालुक्यात, खाडीच्या काठाला. गेल्या नारळी पौर्णिमेच्या उधाणाला खारबंदिस्तीला (खारं पाणी अडवणाऱ्या बांधाला) खांड गेली, म्हणजे भगदाड पडलं, आणि दोन दिवस वाडीत खारं पाणी उभं राहिलं. खांड बांधली, पुढे पाऊसही बरा झाला, पण होळीनंतर जमिनीवर पांढरं मीठ फुललं. माती तपासली तर क्षारता ७ डेसिसायमन्स प्रति मीटर निघाली. ४ च्या वर गेली की जमीन खारी धरतात.

आंब्याच्या सात कलमांपैकी चार वाळली. आधी पानांचे शेंडे करपले, मग कडा, मग फांद्याच. एकाच्या बुडाशी खणलं तर बारीक मुळं काळी पडलेली, चिमटीत धरली की साल सुटून हातात येते. दहा पावलांवरच्या माडाची मुळं मात्र टणक, टोकं पांढरीशुभ्र. बांधावरच्या उंडीच्या आणि भेंडीच्या झाडांना (भाजीची भेंडी नव्हे) काहीच झालेलं नाही. खाडीतला तिवर, म्हणजे खारफुटीचं झाड, तर रोजच्या भरतीत उभा. त्याचं पान चाटून पाहिलं, जिभेला मिठाची कणी लागते.

वाचून एवढं कळलं की तिवराच्या मुळांत सुबेरिन नावाच्या मेणचट पदार्थाचा थर असतो. पाण्यातलं ९० टक्क्यांहून जास्त मीठ मुळाशीच अडतं आणि जे निसटतं ते पानांवाटे बाहेर पडतं. कांदळ ही दुसरी खारफुटी, तिच्या पानांना मीठ टाकणाऱ्या ग्रंथी नाहीत, तिची भिस्त मुळांवरच जास्त.

उरलेली तीन कलमं माझ्या वडिलांनी लावलेली आहेत, ती तोडायला हात धजत नाही. त्यांची मुळं हळूहळू असं काही शिकतील का? जिप्सम टाकू का?

प्रतिसाद

तिवरासारखी गाळणी आंब्याला जमणार नाही. खार वाढला की बऱ्याच झाडांची मुळं सुबेरिनचा थर थोडा जाड करतात, पण आंबा मुळातच खाराला नाजूक. इस्राएलमध्ये म्हणूनच १३-१ नावाचा वेगळा खुंट (ज्याच्या मुळांवर कलम बांधतात ते रोप) वापरतात. माडाच्या बुंध्यातून जन्मभर नवी मुळं फुटत राहतात, त्याला ती मोठी सोय आहे.

तरी कलमं तोडू नका. आत्ताच बुडाशी पेंढा किंवा सुका पाला जाड पसरा, ऊन लागून मीठ वर यायचं थांबेल. पावसाआधी आळी मोठी करा आणि शेजारून चर काढा. गोडं पाणी मुरून मीठ खाली गेलं पाहिजे आणि चरातून बाहेर पडलं पाहिजे. यंदा रासायनिक खत नको, तेही मीठच. जिप्सम सोडियम जास्त असेल तरच. सामू आणि सोडियमचे आकडे घेऊन पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्रात दाखवा. रिकाम्या जागी चिकू लावा, तो खार बराच सोसतो.

धागाकर्ती

मनापासून आभार. पेंढा उद्याच टाकते. चर उघाडीकडे (बांधातल्या पाणी सोडायच्या दाराकडे) काढला तर भरतीचं पाणी त्यातूनच उलटं येईल का?

प्रतिसाद

उघाडीची झापं नीट बसत नसतील तर नक्की येईल. आधी ती दुरुस्त करा, मगच चर जोडा.