'एक्सपोजर' : संपर्क, अनावरण की मारा?

मैत्रेयी : कोल्हापूर भागातल्या फाउंड्री (धातूच्या ओतकामाच्या) कामगारांसाठी पत्रक मराठीत करते आहे. सिलिका म्हणजे वाळूतलं खनिज; 'सिलिका एक्सपोजर'ला मी 'सिलिकाशी संपर्क' लिहिलं होतं. तपासणाऱ्यांनी ते खोडून 'अनावरण' केलं. काय ठेवू?

कोशप्रेमी : अनावरण पुतळ्याचं होतं. संपर्कही नको. वाळू हाताला लागून सिलिकोसिस (सिलिकाच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार) होत नाही, ती श्वासावाटे आत जावी लागते. 'धुळीचा मारा' लिहा. उन्हाचा मारा, पावसाचा मारा आपण म्हणतोच.

भट्टी : 'मारा'ने घात होईल, दिसणारी धूळच तेवढी डोळ्यांपुढे येईल. फुप्फुसाच्या तळापर्यंत पोचणारे कण साधारण 4 मायक्रॉनहून बारीक, डोळ्यांना दिसतच नाहीत. नॉकआउटला, म्हणजे ओतीव भाग काढायला वाळूचा साचा फोडल्यावर उठलेला लोट खाली बसला की माणूस तोंडावरचा रुमाल सोडतो. बारीक धूळ त्यानंतरही बराच वेळ तरंगत असते. (रुमाल तिला अडवत नाहीच, ते वेगळं.) शब्दात मात्रा, म्हणजे किती धूळ किती वेळ, हे हवं. मोजताना कॉलरला सायक्लोन (बारीक धूळ वेगळी करणारं छोटं उपकरण) लावतात, पंपाने मिनिटाला 1.7 लिटर हवा ओढतात, सरासरी 8 तासांची. 1948 च्या कारखाने अधिनियमात या बारीक धुळीची मर्यादा होती : 10 भागिले (धुळीतल्या क्वार्ट्झचे, म्हणजे स्फटिक सिलिकाचे, टक्के अधिक 2), मिलिग्रॅम दर घनमीटर. क्वार्ट्झ 18 टक्के असेल तर 0.5. त्याच हवेत 12 तास फेटलिंग (ओतीव भाग घासून साफ करणं) करणाऱ्या कंत्राटी कामगाराच्या छातीत दीडपट धूळ जाते. 'संपर्कमात्रा' लिहा.

सई : ग्राइंडर धरणाऱ्याला 'संपर्कमात्रा' कळणार? फेटलिंग, नॉकआउट चालतात, मग 'एक्सपोजर'लाच सोवळं कशाला?

भट्टी : ते शब्द त्याच्या रोजच्या तोंडी आहेत, एक्सपोजर नाही.

रेवा : मग सरळ 'छातीत जाणारी धूळ' लिहा. आणि पत्रकात नुसतं 'क्षय' कुठेही नको. सिलिकोसिस झालेल्याला टीबीचा धोका वाढतो हे खरं. पण एक्स-रेवरचे डाग बघून फक्त टीबीच्या गोळ्या सुरू होतात, काम काय करतोस हे कुणी विचारत नाही. केसपेपरवर सिलिकोसिस आला नाही की नुकसानभरपाई बुडाली. कंत्राटी माणसाकडे तर हजेरीचा पुरावाही नसतो.

कोशप्रेमी : 'धूळ'च योग्य. धूळ आणि धूर दोन्ही 'धू' म्हणजे हलवणे या धातूचे असावेत, दोन्ही छातीचे वैरी.

सई : धूलिवरून धूळ, मान्य. पण धूर धूमवरून म्हणाल तर 'म'चा 'र' कुठल्या नियमाने झाला?

मैत्रेयी : पत्रक शुक्रवारी छापायला जातंय. 'छातीत जाणारी धूळ' मथळ्यात बसते, तक्त्यात काय लिहू?

कोशप्रेमी : सई, धूसर घ्या. त्यातला 'र' कुठून आला?